सतरा नंबरचा प्लॉट

सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णाकाठचं काळं रान संपून माळ सुरू होतो त्या सीमेवर आप्पांची चार एकर जमीन होती. नदी तिथून दीड-दोन कोसांवर. 2005 चा महापूर या रानाला शिवला नाही, 2019 चा नाही आणि 2021 चाही नाही. आप्पांना याचं कधी अप्रूप वाटलं नव्हतं. उलट नदीकाठच्या मळईच्या रानाचा त्यांना जन्मभर हेवाच वाटत आला होता. पण तीन महापुरांनी हिशेब फिरवला. जुलै 2021 चं पाणी ओसरलं, घराघरांतला गाळ काढून झाला आणि पंचक्रोशीतली माणसं 'पाणी न येणारी जागा' शोधत माळाकडं वळली. दिवाळीपर्यंत आप्पांच्या बांधावर एजंटांच्या मोटरसायकली दिसू लागल्या.

थोरला मुलगा बापू तालुक्याला खताचं दुकान चालवायचा. आकड्यांत पक्का माणूस. तो म्हणाला, "आप्पा, एजंटाला रान देऊन त्यानं प्लॉट पाडायचं, त्यापेक्षा आपणच पाडू या की."

प्लॉट पाडायचे तर आडवाट समोरच होती. खालच्या अंगाच्या शेजाऱ्यानं ती केव्हाच धरली होती. गुंठा-गुंठा रान तोडायचं, स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायचं, नोटरीचा शिक्का मारायचा. स्वतंत्र सातबारा निघत नव्हता, कारण तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून आडवा येत होता. पण घेणाराही घाईत आणि देणाराही घाईत. तिथं दहा-बारा घरं उभी होती, मधली बोळ बैलगाडीपुरती.

"सरकार पुढं नियमित करतंच," बापूनं बातम्या वाचलेल्या होत्या. "2001 ला गुंठेवारीचा कायदा केला. आता त्याची मुदत 2020 च्या डिसेंबरपर्यंत वाढवली. पुन्हा वाढवतील."

आप्पा म्हणाले, "नियमित करून घ्यायची पाळी येणार, हे आधीच ठाऊक असंल तर तसं करायचंच कशाला?"

तेवढ्यावर आडवाट बंद झाली. बापलेक सांगलीला एका इंजिनिअरकडं गेले. माणूस सरळ होता. लेआउट करण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी आधी सातबारा पाहिला, मग आठ-अ, मग तीस वर्षांचे फेरफार. जमीन भोगवटादार वर्ग एकची, कुणाचा बोजा नाही. मग म्हणाले, "आता दोन कागद आणू. नगररचना कार्यालयाचा झोन दाखला आणि त्यासोबतचा भाग नकाशा. तुमचं रान रहिवास विभागात आहे की शेती विभागात, हे त्याच्यावर कळेल. शेती विभागात निघालं तर पुढची सगळी बोलणी वेगळी."

दाखला आला. रान रहिवास विभागात होतं. पूररेषेच्या नकाशावरही बोट ठेवून झालं. पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची हद्द ती निळी रेषा, शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळीच्या आत घर बांधू देत नाहीत, निळी आणि लालच्या मधे जोतं उंच घेण्याच्या अटी घालतात. आप्पांचं रान दोन्हींच्या कितीतरी बाहेर होतं.

"झालं की मग!" बापू म्हणाला.

"आता सुरू झालं," असं म्हणत इंजिनिअरनी कोरा कागद ओढला. "चार एकर म्हणजे 160 गुंठे. डिसेंबर 2020 पासून मुंबईसारखे काही भाग सोडून राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आहे, सगळे तिला युडीसीपीआर म्हणतात. तिच्याप्रमाणं 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेचा लेआउट केला की दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. तुमचे सोळा गुंठे तिथं गेले. मग आतले रस्ते. पुढच्या रस्त्याच्या रुंदीकरणात जाईल ती पट्टी. सगळं वजा जाता विकायला शंभर गुंठे उरले तर नशीब समजा."

बापूचा चेहरा पडला. "म्हणजे साठ गुंठं फुकट घालवायचं?"

"फुकट कसं? ते साठ सोडता म्हणून उरलेल्या शंभराला प्लॉट म्हणतात. न सोडलं तर ते रानच राहतं, शेजारच्यासारखं."

पुढची पायरीही त्यांनी समजावून सांगितली. प्रस्ताव महसूल कार्यालयात जाणार, तिथून नगररचनेकडं अभिप्रायाला जाणार. नगररचनावाले नकाशा तपासतील, जागा पाहतील, त्रुटी काढतील. त्रुटी पुऱ्या केल्या की पहिल्यांदा मिळेल ती तात्पुरती मंजुरी. रस्ता इथून, खुली जागा इथं, प्लॉट असे, एवढंच त्यात मान्य होतं. त्यानंतर आपल्या पैशानं रस्ते, गटारं, पाण्याची लाइन, विजेचे खांब करायचे. बिनशेतीचा आकार भरून सनद घ्यायची. भूमी अभिलेखची माणसं येऊन प्रत्येक प्लॉट मोजून देणार, मग अंतिम मंजुरी. मग कमी-जास्त पत्रक होऊन प्लॉटागणिक सातबारा.

"आणि विक्री?"

"500 चौरस मीटरच्या वरच्या जागेला रेराची, म्हणजे स्थावर संपदा कायद्याखालची, नोंदणी लागते. ती झाल्याशिवाय जाहिरात नाही, बुकिंग नाही, इसारही नाही."

"तात्पुरत्या मंजुरीला किती दिवस लागतील? कायद्यात 60 दिवस लिहिलंय म्हणं. 60 दिवसांत उत्तर आलं न्हाई तर आपोआप मंजूर."

इंजिनिअर हसले. "1966 च्या नगररचना कायद्याचं कलम 45 कुणीतरी तुम्हाला अर्धंच वाचून दाखवलंय. प्रस्ताव नियमात बसणारा असेल तरच ते आपोआप. नियमात नसलेलं 60 दिवसांनीही नियमात येत नाही."

अर्धं वाचणं आणि अर्धं सांगणं ही बापूची खोड होती. तो खोटं कधी बोलायचा नाही. दुकानातसुद्धा नाही. गिऱ्हाइकानं विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, न विचारलेलं सांगत बसायचं नाही, एवढंच.

संक्रांतीच्या सुमाराला मोजणी आली. भूकरमापकानं यंत्र लावलं, बांधाच्या कोपऱ्यांवर खुणा घेतल्या, शेजारी बोलावून हद्दी दाखवल्या. रानात पुरुषभर ऊस उभा होता. भूकरमापकानं नेहमीचा प्रश्न विचारला, "गटातून ओढा, नाला, पाट, वहिवाटीची वाट असं काही जातंय का?"

"ओढा न्हाई, नाला न्हाई, पाट न्हाई, वाट न्हाई," बापूनं सांगितलं. "सलग तुकडा हाय साहेब."

यातलं प्रत्येक उत्तर खरं होतं. रानातून जात होता तो ओघळ. वरच्या माळावर पाऊस झाला की तालींवरून, बांधांच्या फटींतून पाणी गोळा होऊन यायचं आणि आप्पांच्या रानाला तिरकं कापत खाली ओढ्याला मिळायचं. दहा-बारा फुटांची पट्टी. पाऊस थांबला की तास-दोन तासांत कोरडी. गावच्या नकाशात असल्या ओघळांना जागा नसते. आप्पांनी त्या पट्टीत कधी पेरलं नव्हतं. तिथं गवत वाढायचं आणि ते म्हशीला व्हायचं. दोन वर्षांमागं बापूनं ट्रॅक्टर घालून ती पट्टी नांगरली आणि सगळीकडं सलग ऊस लावला. तेव्हापासून पाणी सरीतून जायला लागलं. वरून बघणाऱ्याला काही दिसेनासं झालं.

आप्पा बांधावर उभे होते. भूकरमापकाचा प्रश्न त्यांनी ऐकला, मुलाचं उत्तरही ऐकलं. ते काही बोलले नाहीत. पोरानं चार महिने धावपळ केली आहे, त्यात आपण कशाला खोडा घाला, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मोजणीच्या कागदावर सही करताना त्यांचा हात थोडा थांबला आणि मग झाली सही.

महिनाभरानं नकाशा घरी आला. भाकरी थापता थापता आईनं मान वळवून पाहिलं. "गवताची पट्टी कुठाय ह्यात?"

"आई, नकाशा सरकारी हाय. त्यात गवत दावत न्हाईत."

आईनं भाकरी उलटली. तिनं पुन्हा काही विचारलं नाही, पण आप्पांचं जेवणात लक्ष राहिलं नाही.

प्रस्ताव गेला. दोन त्रुटी निघाल्या: आतला एक रस्ता नियमापेक्षा अरुंद होता आणि खुली जागा एका कोपऱ्यात कोंबली होती, तिला रस्त्याकडून नीट वाट हवी होती. दोन्ही दुरुस्त झाल्या. जागेची पाहणी झाली तेव्हा ऊस नुकताच गेला होता, पाचट पसरलेलं होतं, रान उन्हानं तडकलेलं. आणि एप्रिल संपताना तात्पुरती मंजुरी हातात पडली. शिक्क्याचा नकाशा, पन्नास प्लॉट, सोबत अटींचं पान. बापूनं नकाशा पाहिला. अटींचं पान घडी घालून फाइलीत ठेवलं.

रानात फक्की मारून प्लॉट आखले गेले. रेराची नोंदणी अजून व्हायची होती, त्यामुळं बापूनं बोर्ड लावला नाही. पण बोर्ड नसला तरी गावाला कळायचं थोडंच राहतं? माणसं 'नुसतं बघायला' म्हणून येऊ लागली.

त्यांत एक गुरुजी होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. नदीकाठच्या गावातलं त्यांचं घर तिन्ही महापुरांत गेलं होतं. 2019 ला तर सांगलीच्या आयर्विन पुलाखालची पाण्याची पातळी रेडिओवर ऐकत ते बायकोला घेऊन चार रात्री शाळेच्या माडीवर राहिले होते. निवृत्तीचे मिळालेले पैसे त्यांनी हात न लावता ठेवले होते, एका उंचावरच्या घरासाठी.

गुरुजी सगळे प्लॉट हिंडले आणि सतरा नंबरपाशी थांबले. चपलेच्या टोकानं त्यांनी माती उकरली, मुठीत घेतली.

"बाकी सगळीकडं मुरमाड आहे, हितं माती बघा कशी मऊ आहे. दोन आंबे आणि एक फणस सहज येईल. बापूसाहेब, हा माझ्या नावावर धरून ठेवा. पण एकच सांगा, हितं पाणी येत नाही ना?"

"गुरुजी, 2005 ला न्हाई, 2019 ला न्हाई, 2021 ला न्हाई," बापूनं हाताची तीन बोटं मोडून दाखवली. "गावात कुणालाबी विचारा."

पुन्हा एकदा शब्दन् शब्द खरा होता.

आप्पा त्या मऊ मातीकडं पाहत होते. ती मऊ का आहे हे त्यांना ठाऊक होतं. दर पावसाळ्यात ओघळ माळावरचा गाळ आणून तिथं टाकायचा, म्हणून. ज्या गोष्टीवर गुरुजी भाळले होते, तीच गोष्ट त्यांच्या जोत्याखाली शिरणार होती.

"गुरुजी," आप्पा म्हणाले, "नदीचं पाणी हितं येत न्हाई. माळाचं येतं."

बापू चमकला. गुरुजींनी हातातली माती खाली सोडली.

आप्पांनी ओघळ सगळा सांगितला. कुठून येतो, कुठं जातो, किती रुंद होतो, मृगाला किती आणि हस्ताला किती. शेवटी म्हणाले, "मोजणीच्या दिवशीच हे सांगायला पायजे होतं. त्या दिवशी गप बसलो ती चूक माझी."

गुरुजी गेल्यावर घरात वाद झाला. बापूचं म्हणणं सरळ होतं. मंजुरी सरकारनं दिली आहे. सरकारच्या माणसानं जागा पाहिली आहे. नकाशात ओघळ नाही म्हणजे ओघळ नाही. फार तर एक पाइप टाकून पाणी वळवू.

"वळवून कुठं नेणार?" आप्पांनी विचारलं.

बापूकडं उत्तर नव्हतं. पाणी वळलं असतं तर ते खालच्या अंगाला गेलं असतं, शेजारच्या त्या दहा-बारा घरांच्या बोळात.

दुसऱ्या दिवशी तिघं इंजिनिअरच्या टेबलाभोवती बसले. आप्पांचं ऐकून घेतल्यावर इंजिनिअरनी बापूच्या फाइलीतलं अटींचं पान उलगडलं. "हे वाचलंत? जागेतून जाणारा नैसर्गिक प्रवाह वळवायचा नाही, बुजवायचा नाही. आणि ही पुढची: चुकीची किंवा अपुरी माहिती देऊन घेतलेली मंजुरी रद्द होऊ शकते."

"पण प्रवाह त्यांना दिसलाच न्हाई."

"त्यांना कसा दिसेल? ते उन्हाळ्यात तासभर येऊन गेले, तुम्ही तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहता. नगररचनेचं कार्यालय तुम्ही दाखवलेल्या जमिनीला मंजुरी देतं. खरी जमीन आणि दाखवलेली जमीन एकच आहे, याची हमी अर्जदाराची असते. त्याचीच सही असते खाली."

बापू गप्प झाला, पण त्याच्या डोक्यात आकडेमोड चालू होती हे कळत होतं. इंजिनिअरनी तीच भाषा धरली.

"तुम्ही हिशेबी माणूस आहात, हिशेबच करू. ओघळ आज दाखवला तर काय लागेल? नवा नकाशा, छाननीची फी आणि दोन-तीन महिने. बास. रस्ते आणि गटारं झाल्यावर दाखवला तर केलेलं काम उखडायचा खर्च वाढतो. अंतिम मंजुरी होऊन प्लॉटांचे सातबारे वेगळे निघाल्यावर दाखवला तर मोजणी, कमी-जास्त पत्रक, सगळं मागं फिरवायचं. प्लॉट विकल्यावर तर नकाशा तुमचा राहतच नाही. रेराच्या कायद्यात कलम 14 आहे: मंजूर नकाशा बदलायचा तर घेणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लोकांची लेखी संमती. पन्नास प्लॉट असतील तर चौतीस जणांच्या सह्या गोळा करत हिंडायचं. आणि घर बांधून झाल्यावर दाखवायला लागतच नाही, पाऊस स्वतःच दाखवतो. तेव्हा गुरुजींच्या आयुष्याची पुंजी त्यात असेल."

थोडं थांबून ते म्हणाले, "सरकारनं ही तात्पुरती मंजुरीची पायरी अडवणूक म्हणून ठेवलेली नाही. चूक पेन्सिलीत असताना सापडावी म्हणून ठेवली आहे. लोक ती ओलांडायची पायरी समजतात. ती बसून विचार करायची पायरी आहे."

"नव्या नकाशात किती प्लॉट जातील?" बापूनं विचारलं.

"तीन-चार तरी."

दोन गुंठ्यांचा एक प्लॉट. चार प्लॉट म्हणजे आठ गुंठे. बापूनं मनातल्या मनात गुणाकार केला आणि त्याला घाम फुटला. तरी त्यानं मान हलवली. वडिलांनी गुरुजींसमोर सांगून टाकलं होतं. आता नाही म्हणायची सोय उरली नव्हती.

नगररचना कार्यालयात जाताना बापूची तयारी बोलणी खाण्याची होती. अधिकारी बाईंनी अर्ज वाचला, आप्पांनी हातानं काढलेली ओघळाची रेघ पाहिली आणि विचारलं, "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी न्हाई. म्या रोज बघतो," आप्पा म्हणाले.

"मंजुरी मिळाल्यावर आपणहून असा अर्ज घेऊन कुणी येत नाही," बाई म्हणाल्या. "तक्रार आल्यावर येतात, नाहीतर नोटीस गेल्यावर. पण पाहणी आम्ही पुन्हा करणार. या वेळी पावसात."

जूनच्या अखेरीस माळावर पहिला मोठा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहणी झाली. बाई छत्री घेऊन बांधावर उभ्या होत्या, इंजिनिअर नकाशा प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून. बापू पुढं गेला आणि थबकला. रानभर फक्कीच्या पांढऱ्या रेघा अंधूक का होईना दिसत होत्या. सोळा, सतरा, अठरा आणि पलीकडच्या ओळीतल्या एकतीस नंबरच्या मात्र गायब होत्या. त्या जागेवरून गढूळ पाणी वाहत होतं. फार नाही, गुडघ्याच्या खालीच. पण त्याला वाट ठाऊक होती. ट्रॅक्टरनं नांगरून, ऊस लावून, नकाशात पुसूनही त्याची वाट बदलली नव्हती. बापूनं पाण्याच्या कडेकडेनं खालच्या बांधापर्यंत जाऊन पाहिलं. ते पाइप घालून उजवीकडं वळवलं असतं तर पहिलं घर कुणाचं लागलं असतं, हे त्याला तिथून सरळ दिसत होतं. दारात एक बाई पोराला अंघोळ घालत होती.

परतताना त्यानं इंजिनिअरना एकच विचारलं, "साहेब, ओघळाच्या दोन्ही बाजूंनी किती सोडावं लागंल?"

"नियमाप्रमाणं सोडू तेवढं."

"आणि त्याच्यापेक्षा थोडं जास्त सोडलं तर चालतंय का?"

नवा नकाशा झाला. ओघळ निळ्या रेघेनं स्वच्छ दाखवला. खुली जागा कोपऱ्यातून उचलून ओघळाच्या काठाला आणली. ओघळ स्वतः खुल्या जागेच्या मापात धरता येत नाही, ती वेगळी सोडावीच लागते. पण दोन्ही शेजारी आल्यावर मधे मोकळी हवा तयार झाली. रस्ता जिथं ओघळ ओलांडतो तिथं मोरी घातली. पन्नासाचे सेहेचाळीस प्लॉट उरले. सुधारित तात्पुरती मंजुरी गणपतीनंतर आली आणि अटींचं पान बापूनं या वेळी आधी वाचलं.

पुढची कामं सरळ झाली असं नाही. विजेच्या खांबांचं अंदाजपत्रक अडलं, एका फेरफारात नावाची वेलांटी चुकली होती ती दुरुस्त करण्यात महिने गेले. पण अंतिम मंजुरी होताना ओघळाबद्दल कुणाचा प्रश्न आला नाही, कारण जे विचारता आलं असतं ते सगळं नकाशात आधीच होतं. रेराची नोंदणी झाल्यावर गुरुजींनी वरच्या ओळीतला एक मुरमाड प्लॉट घेतला. खरेदीखतावर सही करताना ते आप्पांना म्हणाले, "आंबा इथंही येतो. खड्डा मोठा घ्यावा लागतो, एवढंच."

गोष्टीत चांगलं वागणाऱ्याला शेवटी दुप्पट मिळतं. इथं तसं झालं नाही. चार प्लॉट गेले ते गेलेच. बापूच्या वहीत तो तोटा तोटा म्हणूनच लिहिलेला आहे आणि उरलेले प्लॉट काही त्यामुळं महाग विकले गेले नाहीत. फक्त त्या आकड्यासमोर त्यानं एक शब्द लिहिला आहे: 'चुकता'. देणं फेडलं की तो तसाच लिहितो.

मधे पलीकडच्या गावातले एक शेतकरी बापूकडं आले. त्यांनाही प्लॉट पाडायचे होते. "तुमचा लेआउट झटक्यात झाला म्हणं. कुठल्या साहेबाला भेटायचं? किती दिवसांत करून देतात?"

बापूनं त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि विचारलं, "साहेबाचं नंतर बघू. तुमच्या रानाची अशी कुठली गोष्ट हाय, जी नकाशात न्हाई आणि तुमास्नी ठाऊक हाय?"

पाहुणे जरा अडखळले. मग म्हणाले, "तसं... एक जुनी विहीर हाय. बुजवलीय म्हणा."

"तिथनंच सुरुवात करा," बापू म्हणाला.

तात्पर्य: मंजुरी मिळते ती आपण सांगितलेल्या जमिनीला, घर उभं राहतं ते खऱ्या जमिनीवर. या दोन्हींतलं अंतर पहिल्याच कागदावर मिटवावं. खऱ्याची किंमत त्या दिवशी सर्वांत कमी असते, आणि पुढं ती वाढत जाऊन बहुतेक वेळा भलत्याच माणसाला भरावी लागते.